खारा आड

“अवं, ह्ये मीठ हाय!” शालन ओरडली आणि बांधाकडेला थू करून थुंकली. “आईच्यान सांगते, मीठ हाय!”

“बघू, दे इकडं.” माझ्या बायकोच्या बोटाला लागलेली पांढरी माती मी जिभेवर घेतली. खारट लागली, आणि गिळल्यावर मागून कडवट.

मार्गशीर्षातली सकाळ होती. आमच्या खालच्या चार एकरांतला पहिला ऊस झक्क आला होता. तो तोडून खोडवा ठेवला, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा ऊस फुटू दिला, तर त्याची पानं पिवळी पडली आणि शेंडे करपले. आणि आता हे वरंब्यावर पांढरं पसरलेलं. लांबून मला वाटलं होतं, कुणीतरी पिठाची गोणी झाडलीय. गावात असलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. नदीवरची मोटार बसून, पाइपानं पाणी येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती.

“कुणी टाकलं असंल हो?” शालननं विचारलं.

मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझं डोकं कायम चुलीवर. मला विचार करावा लागला नाही, नाव तोंडातच होतं.

“तायाप्पा,” मी म्हणालो.

तायाप्पा यमगर आमचे खालचे शेजारी. आमचं रान संपलं की त्यांचं दीड एकर, आणि पलीकडं ओढा. माणूस धनगर, वयानं माझ्या वडिलांएवढा. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांचा मुलगा कामाण्णा आठ महिने मेंढरं घेऊन मुलूख फिरायचा. मामा गावात राहून शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, पिकवायचे. सुगी झाली की आख्खं गाव त्यांच्या मागं लागायचं, मामा, मेंढरं आमच्या रानात बसवा. लेंडीखताला मोल नसतं.

आता मी त्यांचं नाव का घेतलं, ते सांगतो. त्या चार एकरांत दोन वर्षांमागं ऊस नव्हता, बन होतं. बाभळी, हिवर, करंज, लिंब; चारशे तरी झाडं असतील. आमच्या आज्यानं ते राखलेलं. मधोमध एक आड होता, त्याच्यावर दगडी शिळा. आज्यानं पाण्यासाठी तो खणला होता, पाच परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली. तिथं पाणी लागलं, पण तोंडात धरवेना इतकं खारं. मग त्यानं शिळा ओढली आणि वडिलांना सांगून ठेवलं, ह्या झाडांना हात लावायचा नाही. का, ते काही सांगितलं नाही. वडिलांनीही विचारलं नाही. पुढं वडील गेले, रान माझ्या हाती आलं, आणि मला त्या चार एकरांत नुसता ऊस दिसायला लागला.

कुऱ्हाडी चालू झाल्या त्या दिवशी मामा बांधावर येऊन उभे राहिले होते.

“जयसिंगा, नगं गा,” ते म्हणाले.

“का मामा? मेंढरास्नी शेंगा मिळायच्या न्हाईत म्हणून?”

“शेंगा कुठंबी मिळत्यात. तुजा आज्जा खुळा न्हवता. बन हाय म्हणून रान हाय.”

“आता ऊस असंल म्हणून रान असंल.”

तोडणारे गडी हसले. मामा हसले नाहीत. जाता जाता म्हणाले, “पस्तावशील बघ.”

काळजीनं म्हणाले होते. मला तेव्हाही ते कळलं होतं, खोटं कशाला बोलू? पण त्या मार्गशीर्षात मी त्याच दोन शब्दांचा शाप केला. आणि वर आणखी एक पुरावा होता माझ्याकडं. दिवाळीच्या आधी एसटीच्या टपावरून खडेमिठाची गोणी उतरवून घेताना मी मामांना पाहिलं होतं. मेंढरांना मीठ चारतात, हे साऱ्या गावाला ठाऊक. पण राग आलेल्या माणसाला गोणी तेवढी दिसते, मेंढरं दिसत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी गाव गोळा केलं, बिरोबाच्या देवळापुढं. मामा पांढरं धोतर नेसून, घोंगडं खांद्यावर घेऊन आले. त्यांना वाटलं, काहीतरी देवाचं काम असेल.

“माज्या रानात मीठ टाकलंस का न्हाई?” मी विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं. ते ऐकूनच ते गडबडले.

“म्या? मीठ? कशापायी टाकीन गा?”

“बन तोडलं त्याचा राग. पस्तावशील म्हणाला हुतास का न्हाई? ह्या गड्यांनी ऐकलंय.”

“म्हणालो हुतो. पण त्ये...”

“आन् मिठाची गोणी आणलीस का न्हाई?”

“आणली की. दर वर्साला आणतो.”

लोकांत कुजबुज सुरू झाली. मामांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. ज्यांच्या रानात त्यांची मेंढरं बसली होती, तेच खाली बघत होते.

“उचल भंडारा,” मी म्हणालो.

धनगराला याच्यापुढं शपथ नाही. बिरोबाच्या पायावरची हळद, तो भंडारा, हातात धरून माणूस खोटं बोलला तर त्याच्या वंशाला लागतं. आणि आमच्याकडं त्याला मुदत वर्षाची. सिदू पुजाऱ्यानं ती मोठ्यानं सांगितली, “वरीस सरायच्या आत तायाप्पाच्या घरावर, जित्राबावर, रानावर काय आलं, तर त्यो खोटा. मग गावानं त्याला पंगतीला घ्याचं न्हाई, त्याची मेंढरं रानात बसवायची न्हाईत. वरीस सुखात गेलं, तर जयसिंगानं त्याच्या पाया पडायचं.”

मामांनी एकदासुद्धा मागंपुढं पाहिलं नाही. ओंजळीत भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि देवाला म्हणाले, “बिरोबा, म्या ह्याच्या रानात मिठाचा खडा टाकला असंल तर माजं रान जाळ.”

एवढंच. मग घोंगडं झटकून गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. “उगंच तरास करून घेऊ नगंस,” म्हणाले. मी खांदा मागं घेतला.

हिवाळा सरला. मामांचा शाळू छान आला. मला त्याचा राग यायचा, इतका मी वाईट होतो.

मग वैशाख आला. रान नांगरून पडलं होतं, ढेकळं तापून पायाला चटके बसत होते. मी खालच्या रानातून चाललो होतो, आणि आडाच्या शिळेपाशी पाय ओला झाला. वैशाखात! शिळेच्या चारी बाजूंनी हातभर माती काळी, दमट. मी घरून पहार आणली आणि शिळा सरकवली.

पाणी हाताला लागलं.

मी तिथं पालथा पडून कोपरापर्यंत हात बुडवला, तरी मला खरं वाटेना. पाच परस खालचं पाणी तोंडाशी येऊन उभं होतं. ओंजळ भरून तोंडाला लावली. तीच चव. खारट, आणि मागून कडवट.

मी तिथंच बसून राहिलो. शेतकऱ्याच्या पोराला शाळेत घालावं लागत नाही असल्या गोष्टीसाठी. वरच्या बारा एकरांत मी सात वर्षं पाणी सोडत होतो, ते मुरून खालीच येत होतं. पहिली पाच वर्षं आड का भरला नाही? कारण पहिली पाच वर्षं इथं चारशे झाडं उभी होती. त्यांची मुळं खोल खाली जाऊन ते पाणी पीत होती, उन्हाळ्या-पावसाळ्यात, एक दिवस न चुकता. मी ती तोडली. मग पाणी वर चढलं, जमिनीच्या पोटातलं मीठ बरोबर घेऊन चढलं, वर येऊन उन्हात वाळलं आणि मीठ मागं राहिलं. मीठ कुणी टाकलं नव्हतं. टाकलं असेल तर मी टाकलं होतं, कुऱ्हाडीनं.

आणि हे पाणी आता कुठं जाणार, तेही मला दिसत होतं. उतार मामांच्या रानाकडं होता.

उठून तडक गावात जायला हवं होतं. सिदू पुजाऱ्याला हाताला धरून आणायचं, आड दाखवायचा, मामांच्या पाया पडायचं. अर्ध्या तासाचं काम. मी काय केलं? शिळा परत ओढली आणि फावड्यानं वर माती लोटायला लागलो.

“काय करतायसा?” शालन दुपारची भाकरी घेऊन आली होती.

“काय न्हाई. शिळा डगमगत हुती. एकादं करडू पडायचं आत.”

ती माझ्या हाताकडं बघत होती. बाही कोपरापर्यंत भिजलेली.

“आडात पाणी हाय?”

“असंल.”

तिनं भाकरी खाली ठेवली. बोट माझ्या ओल्या मनगटाला लावलं आणि जिभेवर ठेवलं.

“तायाप्पामामास्नी सांगा,” ती म्हणाली.

“सांगतो की. गडबड काय हाय? सात म्हैन्यांनी वरीस सरतंय. आपसूक सुटतील. आता गावापुढं माजंच नाक कशाला कापून घेऊ?”

हा हिशेब मी मनाशी शंभर वेळा घातला. सात महिने, मग सहा, मग पाच. काही झालं नाही तर मामा खरे ठरतील, मी पाया पडेन, मिटेल. रोज सकाळी उठून मी आधी त्यांचं रान बघायला जायचो. चोरासारखा, बांधाआडून. पांढरं दिसलं नाही की जीव भांड्यात पडायचा. बिरोबालाही विनवायचो. काय विनवायचो? की माझं पाप ह्या माणसाच्या रानापर्यंत पोचू देऊ नको. पाणी मात्र देवाचं ऐकून वाहत नाही.

कार्तिकात पोचलं. मामांचा शाळू वीतभर वर आला, आणि पिवळा पडला. आठ दिवसांत ओढ्याकडच्या कडेला पांढरी किनार आली. गाव बघायला लोटलं. माझ्या रानापेक्षा जास्त माणसं त्या दीड एकराच्या बांधावर उभी राहिली. बायांनी गालावर हात मारून घेतले. “माजं रान जाळ” हे मामांचे शब्द सगळ्यांनी ऐकले होते.

मी गर्दीच्या मागं होतो. तोंड उघडायला तेव्हाही कुणी अडवलं नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी मामा माझ्या दारात आले. पायरी चढले नाहीत. दोन दिवसांत माणूस वाळून गेला होता.

“वर या की मामा,” मी म्हणालो. मामा हा शब्द वर्षभरानं तोंडातून निघाला.

“न्हाई. हितंच बरा हाय.” धोतराच्या सोग्याची गाठ सोडत ते म्हणाले, “जयसिंगा, वरीस सराया बावीस दिस उरलं हुतं.”

मी मान हलवली.

“दोन दिस मी इचार करतुय. बिरोबा खोटं करायचा न्हाई. मग माजंच कायतरी चुकलं असनार. आता ध्यानात आलं बघ. गेल्या साली मिठाची गोणी घोड्यावर टाकून तुज्याच बांधावनं नेली हुती मी. गोणी खाली उसवल्याली हुती. घरी गेल्यावर बघितलं. वाटंला सांडलं असंल. तुज्या रानात.” त्यांनी सोगा मुठीत आवळला. “आन् म्या देवाफुडं छातीठोक म्हणालो, खडा टाकला न्हाई म्हणून.”

मूठभर मिठानं चार एकर पांढरं होत नाही, हे त्यांना मेंढरं राखून कळत नव्हतं असं नाही. पण देव खोटा म्हणण्यापेक्षा स्वतःला खोटं म्हणणं त्यांना सोपं गेलं. मी पुढं होऊन म्हणायला हवं होतं, मामा, देवही खरा आणि तुम्हीही खरे. म्हणालो नाही.

“अवं,” दारातून शालन म्हणाली, “त्यो आड...”

“तू आत जा!” मी ओरडलो.

ती गेली नाही. उंबऱ्यावर उभी राहून माझ्याकडं बघत राहिली. मामांनी सोग्यातला भंडारा माझ्यापुढं धरला.

“माज्या कपाळाला लाव. तुजा गुन्हा केलाय, तू माफी दिलीस तर देव सोडंल. कामाण्णाची लेकरं लहान हाईत गा.”

आणि मी लावला. ह्या बोटांनी. चिमूट घेतली आणि त्या म्हाताऱ्या कपाळावर ओढली. त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागं घेतले नाहीत. आयुष्यात मी पुष्कळ भांडलो, मारामाऱ्या केल्या, कुणाकुणाला लागेल असं बोललो. त्यातलं काही मला आठवत नाही. हे एवढं आठवतं.

तिसऱ्या दिवशी कामाण्णा मेंढरं घेऊन आला आणि सगळे गेले. कवाडाला बोरीची फांदी लावून गेले, म्हणजे परत यायचं मनात होतं. आले नाहीत. शालन मला पुढं आठ महिने कामापुरतीच बोलली, आणि त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

एकोणीस वर्षं गेली. मीठ ओढ्यापर्यंत गेलं, ओढ्याचं पाणी जनावरं तोंडात धरेनात, पलीकडच्या रानांनाही पांढरी किनार आली. एक दिवस कॉलेजातून माती तपासणाऱ्या मॅडम आल्या. खालच्या रानात उभ्या राहून त्यांनी विचारलं, “इथं आधी काय होतं?”

सिदू पुजाऱ्याचा नातू पुढं झाला. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. “मॅडम, हितं एक तायाप्पा धनगर हुता. त्यानं मीठ टाकलं, वर खोटा भंडारा उचलला. देवानं त्याचं रान जाळलं, तवापासनं ही खालची रानं अशीच हायती.”

पोरगं देवाची गोष्ट सांगावी तसं सांगत होतं. पुढं त्याची पोरंही तसंच सांगतील, हे मला त्या क्षणी दिसलं.

“बन हुतं हितं,” मी म्हणालो. “मी तोडलं. तायाप्पानं काय केलं न्हाई.”

माती उकरून शिळा सरकवली, मॅडमना आणि सगळ्यांना पाणी दाखवलं. वैशाखात हात घातला होता तेही सांगितलं, एकूणएक. मॅडमनी मान डोलावली, त्यांना ते नवं नव्हतं. मग कुणीतरी माझी पाठ थोपटली. “जाऊ द्या तात्या, झालं गेलं.” ज्यांचं काही गेलं नव्हतं, त्यांनी मला सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो. चार ठिकाणी विचारत विचारत, जतकडच्या एका माळावर कामाण्णाचा तळ सापडला. अमावास्या होती. भर दुपार. लिंबाखाली तीन दगड मांडून, भंडारा वाहून, पुढं ताट ठेवलेलं. भाकरी, आमटी, भात.

कामाण्णा पिकला होता. मला ओळखल्यावर धावत आला आणि घोंगडं अंथरलं. “तात्या! बसा, बसा. अगं, पाणी आण. आमच्या गावाकडचं जयसिंगतात्या.”

“मामा?” मी विचारलं.

त्यानं दगडांकडं हात केला. “चार सालं झाली. आज अवस, निवद ठेवलाय.”

त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या दिला. “मामंजी लई नाव काढायचं तुमचं,” ती म्हणाली.

“व्हय,” कामाण्णा म्हणाला. “बा म्हणायचा, दुसरा कुणी असता तर हाणून घातला असता. जयसिंगानं आपल्या हातानं भंडारा लावला, सोडलं मला. लई मोठ्या मनाचा मानूस.”

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. बोलायचं काहीतरी म्हणून मी ताटाकडं बघून म्हणालो, “आमटीचा वास चांगला सुटलाय.”

“वासच,” ती हसली. “अळणी हाय. मामंजींचा निवद अळणीच असतो. गाव सोडलं त्या दिसापासनं त्यांनी मिठाचा कण तोंडात घातला न्हाई. शेवटाला डागदरनं सांगितलं, अंगातलं मीठ कमी झालंय, खावा. न्हाई म्हणालं. का, ते आमाला कधी सांगितलं न्हाई.”

मी तांब्या खाली ठेवला आणि सांगितलं. बसून सांगता येईना म्हणून उभं राहून सांगितलं. आड सांगितला, वैशाख सांगितला, बांधाआडून बघणं सांगितलं, दारातला भंडारा सांगितला. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा गिळून टाकलं असतं.

कामाण्णा मेंढरांकडं तोंड करून ऐकत होता. माझं संपलं तरी तो वळला नाही. मी वाट बघत होतो, मारेल म्हणून. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“ताट उचल,” तो बायकोला म्हणाला.

ती घाबरली. “निवदाचं ताट?”

“उचल. आमटीत मीठ घालून आण.”

“किती घालू?”

“माणसाला घालतीस तेवढं.”

ती ताट घेऊन चुलीकडं गेली. गाडग्यातून मीठ काढलं, कालवलं, बोटानं चव घेऊन बघितली आणि ताट पुन्हा तीन दगडांपुढं आणून ठेवलं. कामाण्णानं पायातल्या वहाणा काढल्या, डोकीवरचा पटका काढला. माझ्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. दगडांपुढं उकिडवा बसला, हात जोडले आणि म्हणाला, “बा, जेव आता.”